अकरा फोटो आणि दोन तऱ्हेच्या भिंती

बेळगावच्या वडगावातलं आमचं घर आता अर्धं नवीन आणि अर्धं जुनं आहे. पुढच्या दोन खोल्या पाडून स्लॅबच्या केल्या, वर एक मजला चढवला, पण मागचं माजघर आणि स्वयंपाकघर तसंच राहिलं, कारण एक तर पैसे संपत आले होते आणि दुसरं म्हणजे सासूबाई म्हणाल्या माजघराला हात लावायचा नाही, मी हाय तोवर तरी नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडलंच. दीड हाताची जाड मातीची भिंत, उन्हाळ्यात आत पाय टाकला की गार वाटतं, पुढच्या खोलीत पंखा लावूनही तसं वाटत नाही.

पण हे सगळं फोटोंमुळं सांगत्येय. घर बांधून झालं, रंग झाला, फरशी झाली आणि भिंती मोकळ्याच. महिनाभर नुसत्या मोकळ्या. अकरा फोटो ट्रंकेत गुंडाळून पडलेले आणि ते लावायचं काम कुणाच्याच हातनं होईना.

तुळशीचं लग्न झाल्यावर पाडायला सुरवात केली तेव्हा फोटो मीच उतरवले होते. पांडुरंग, सौंदत्तीची यल्लम्मा, जोतिबा, महाराजांचा मोठा फोटो, आजेसासरे फेटा बांधून खांद्यावर गदा घेऊन उभे आहेत तो (ते आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या मारायचे), आजेसासूबाईंचा एका ग्रुप फोटोतनं मोठा करून घेतलेला, सासरे कापड विणायच्या मागाजवळ बसलेले, सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा, आमच्या लग्नाचा, मिस्टरांचा दहावीचा ग्रुप आणि आमच्या लेकीनं चौथीत काढलेलं राजहंसगडाचं चित्र, ज्याला आम्ही कौतुकानं फ्रेम करून घेतली होती. आजेसासऱ्यांचा फोटो खाली घेतला तर मागनं वाळकं गवत, दोऱ्याचे तुकडे, पिसं असं सगळं भुईवर सांडलं. चिमणीचं जुनं घरटं. सासूबाई खाली बसून ते गवत हातात घेऊन बघत बसल्या, म्हणाल्या मामंजींच्या मागं दरवर्षी चिमण्या घर करायच्या, पिलं उडून जाईपर्यंत तिकडं केरसुणी लावायची नाही असं ते स्वतः सांगायचे. मला लग्न होऊन आल्यापासनं तिथं चिमणी बघितल्याचं आठवत नाही. म्हणजे ते घरटं किती वर्षं तिथंच होतं बघा.

आमच्या बेळगावात शिवजयंती वैशाखात असते, शुद्ध द्वितीयेला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. वास्तुशांती अक्षय तृतीयेला धरली होती. त्यामुळं आदल्या दिवशी महाराज भिंतीवर पाहिजेतच असं घरात सगळ्यांचं मत पडलं. मग पंखे बसवायला जो पोरगा आला होता त्यालाच सांगितलं, बाबा चार फोटो तेवढे लावून दे. त्यानं खिशातनं स्टीलचे खिळे काढले, हातोडीनं ठाकठाक ठोकले, दोन ठिकाणी गिलाव्याचा रुपयाएवढा टवका उडाला तिथं जरा बाजूला ठोकला आणि अर्ध्या तासात चार फोटो लावून गेला. दिसायला छान दिसत होते. वास्तुशांती झाली, लोक येऊन जेवून गेले आणि तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला धाडकन आवाज आला. पांडुरंगाचा फोटो खाली. काच सगळ्या हॉलभर.

सासूबाई त्या दिवशी दुपारपर्यंत जेवल्या नाहीत. नवीन घर, त्यात पांडुरंगाचा फोटो, त्यांच्या मनात नको ते यायला लागलं. मी तो खिळा हातात घेऊन बघितला तर टोकाकडच्या अर्ध्या इंचालाच पांढरी भुकटी लागलेली. म्हणजे खिळा नुसता गिलाव्यात होता. आतल्या बाजूचा गिलावा साधारण १२ एमएमचा असतो, अर्धा इंचच म्हणा, आणि त्या अर्ध्या इंचाच्या सिमेंट-वाळूवर तीन किलोचा फोटो टांगलेला. विटेपर्यंत खिळा पोचलाच नव्हता, त्यामुळं तो पडणारच होता, आज नाहीतर उद्या. मी सासूबाईंना तो खिळा दाखवला, आई हे बघा, हे एवढंच आत होतं, देवानं काय केलेलं नाही यात. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या मग नीट लाव की, तूच लाव. आणि तिथनं हे काम माझ्याकडं आलं.

माझे धाकटे दीर उद्यमबागेत मशीन शॉपला आहेत. त्यांच्याकडं हातातलं हॅमर ड्रिल आहे, ते घेऊन रविवारी आले. मी म्हणलं भावजी तुम्ही करून देऊ नका, मला दाखवा. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली ती मी आयुष्यात विसरणार नाही, ड्रिल मारताना भोकातनं पडणाऱ्या पावडरीचा रंग बघायचा. आधी करडी-पांढरट भुकटी येते, तो गिलावा. मग लाल यायला लागली की वीट लागली, आता निवांत आत जायचं. आणि लाल आलीच नाही, करडीच येतेय आणि ड्रिल पुढं सरकत नाही, नुसतं ओरडतंय, तर तिथं काँक्रीट आहे, कॉलम नाहीतर बीम नाहीतर खिडकीच्या वरचं लिंटल. आणि एकदम मऊ लागलं, ड्रिल भस्सकन आत गेलं, तर तिथंच थांबायचं, दोन विटांमधला सांधा असेल नाहीतर वायरीचा पाईप. स्विच बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीच भोक मारायचं नाही कारण वायरीचे पाईप बहुतेक उभे नेलेले असतात, आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीला तर हातच लावायचा नाही. आमच्या नशिबानं बांधकाम चालू असताना मिस्टरांनी गिलावा करायच्या आधी प्रत्येक भिंतीचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले होते, मापाची टेप लावून. ते इतके उपयोगी पडले म्हणून सांगू. ज्यांचं घर आता बांधायचं चाललंय त्यांनी एवढं तरी कराच.

हार्डवेअरच्या दुकानातनं ६ एमएमचं बिट, त्याच मापाच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या (भोकात घालतात आणि त्यात स्क्रू पिळतात त्या) आणि ४० एमएमचे स्क्रू आणले. दुकानदाराला पहिल्यांदा म्हणलं फोटो लावायला काय लागतं तर त्यानं सवयीनं स्टीलचे खिळेच काढून ठेवले समोर, मग मी गिट्टी मागितली तर विचारलं किती वजन हाय, भिंत विटेची का ब्लॉकची. बरं वाटलं, कुणीतरी भिंत कसली ते विचारलं. पोकळ ब्लॉकची असेल तर ही साधी गिट्टी आत गोल फिरते म्हणे, धरत नाही, तिथं वेगळी लागते. आमची वीट, त्यामुळं साधी चालली.

भोक किती खोल? गिलावा १२ ते १५ एमएम सोडायचा, पुढं विटेत ३० तरी जायला पाहिजे, म्हणजे ४५-५०. भावजींनी बिटाला ५० एमएमवर लाल इन्सुलेशन टेपची पट्टी गुंडाळली, ती भिंतीला टेकली की थांबायचं. साधी गोष्ट आहे पण त्यामुळं हात घाबरत नाही. भोक झाल्यावर आतली भुकटी काढायची, मी लेकीच्या रंगपंचमीच्या जुन्या पिचकारीनं हवा मारली, मस्त निघते. भुकटी राहिली तर गिट्टी पूर्ण बसत नाही आणि मग आपण हातोडीनं मारत सुटतो आणि तिचं डोकं दुमडतं. आणि गिट्टी गिलाव्याच्या पातळीपेक्षा किंचित आत सारायची, म्हणजे ती विटेत फुलते, गिलाव्यात फुलली तर गिलावाच फुटतो. ड्रिलच्या खाली लेक कागदाचा द्रोण करून धरून उभी होती, त्यामुळं फरशीवर काही सांडलं नाही.

महाराजांचा फोटो सगळ्यात मोठा, २ फूट बाय ३ फूट. त्याचं टेन्शन मला सगळ्यात जास्त होतं. काचेचा हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटर काच दर एमएम जाडीला अडीच किलो भरते. आमच्या फोटोची काच २ एमएमची, म्हणजे नुसती काचच पावणेतीन किलोच्या वर, त्यात सागवानी फ्रेम, मागं प्लाय. बॅगा मोजायच्या काट्याला लावून बघितलं तर सहाच्या जवळ गेला. त्याच्या मागं आधी नायलॉनची दोरी होती आणि ती पण ताठ, तबल्याच्या वादीसारखी बांधलेली. मला वाटायचं ताठ बांधली म्हणजे मजबूत. भावजी म्हणाले, "वैनी, उलटं हाय ते. अंगणात कपड्याची दोरी ताठ वढून बांधतो आणि वला टॉवेल टाकला की खुंटीच उपटून येती का नाही? तसंच ते." मग त्यांनी कागदावर काढून दाखवलं. तार दोन्ही बाजूला आडव्या रेषेशी ३० अंशात तिरकी असली तर प्रत्येक बाजूच्या तारेवर फोटोच्या पूर्ण वजनाएवढा ताण येतो. तीच जवळजवळ आडवी, १० अंशात बांधली तर ताण वजनाच्या पावणेतीनपटीच्याही वर जातो. म्हणजे सहा किलोचा फोटो आणि रिंगेवर सतरा किलोची ओढ. रिंगेचे स्क्रू फ्रेमच्या लाकडातनं बाहेर येतात ते यानं. म्हणून तार जरा सैल, मधे चांगला कोन होईल अशी ठेवायची, किंवा मोठ्या फोटोला तारच नको, दोन बाजूंच्या रिंगा सरळ दोन स्क्रूवर अडकवायच्या. महाराजांना आम्ही दोन स्क्रू केले. फक्त तसं करताना दोन भोकं एका रेषेत यायला लागतात, एमएमचाही फरक नको, त्याला गवंड्याची लेवल बघायची पाण्याची नळी वापरली. मोबाईलमधलं लेवलचं ॲप बरं आहे पण मोबाईलच्या मागं कॅमेऱ्याचा उंचवटा आणि कव्हर, एकदा ३ एमएमनं फसवलं त्यानं. नळीतलं पाणी फसवत नाही.

उंचीवरनं मात्र घरात दोन दिवस वाद चालला. लेक आता बारावीला आहे, तिनं सांगितलं फोटोचा मध्य डोळ्यासमोर पाहिजे, म्युझियममध्ये जमिनीपासनं ५७ ते ६० इंचावर धरतात. सासूबाईंना फोटो दाराच्या वरच पाहिजेत, देव आणि वाडवडील आपल्या डोक्याच्या वर असावेत, डोळ्याला डोळा भिडवून काय लावायचं त्यांना. दोघींचंही बरोबर वाटायचं मला. मग मी तरुण भारतचे जुने अंक काढून प्रत्येक फोटोच्या मापाचा कागद कापला आणि मास्किंग टेपनं भिंतीला चिकटवून ठेवला. साधी सेलोटेप लावू नका, नव्या रंगाचा पापुद्रा घेऊन निघते. कागद तसेच चार दिवस ठेवले. येता-जाता, बसता-उठता बघायचं. हे फार कामाचं झालं कारण कुठला फोटो कुठनं बघितला जातो हे त्यात कळलं. हॉलमध्ये आम्ही सोफ्यावर बसतो आणि येणारा माणूस उभा राहून बघतो. सासूबाई दिवसभर माजघरात कॉटवर नाहीतर खाली पाटावर. त्या खाली बसल्या की त्यांचे डोळे जमिनीपासनं अडीच फुटावर, मग पाच फुटावर सपाट लावलेल्या फोटोच्या काचेत त्यांना चेहरा दिसतच नव्हता, नुसता दाराचा उजेड चमकायचा. मी स्वतः त्यांच्या पाटावर बसून बघितलं तेव्हा पटलं.

तेव्हा मला कळलं की जुन्या घरात फोटो वर आणि पुढं झुकलेले का असायचे. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, नंदगडच्या बाजूला, तिथंही तसेच होते. लहानपणी वाटायचं आता पडतील अंगावर. पण सगळं घर भुईवर बसणारं. झुकलेला फोटो बसलेल्या माणसाकडं बघतो, काचेत उजेड येत नाही आणि मागं वारा खेळतो त्यामुळं ओल धरत नाही. (आणि चिमणीला जागा होते.) मला त्या वेळी ते जुनाट वाटायचं, आता वाटतं त्यांनी बघूनच केलेलं होतं.

तर ठरलं असं, हॉलमध्ये लेकीचं ऐकायचं आणि माजघरात सासूबाईंचं. गेलेल्या माणसांचे फोटो माजघरात दक्षिणेच्या भिंतीला, देवांचे हॉलमध्ये पूर्वेला, महाराज तिथंच दारातनं आत येताना समोर. आमच्यात गेलेल्यांचे फोटो देवघरात लावत नाहीत.

लावण्याआधी फ्रेमा बघायच्या होत्या. शहापूरच्या खडेबाजारात एक फ्रेमवाले काका आहेत, वय झालंय पण हात चांगला आहे. त्यांनी एकेक फोटो पालथा घालून मागची कागदी पट्टी फाडली तर चारांत कसर निघाली, एकात वाळवीची मातीची रेघ. सासू-सासऱ्यांच्या लग्नाचा फोटो काचेलाच चिकटलेला, सासऱ्यांच्या मुंडावळ्याच्या जागी ओला डाग दिसावा तसं चकचकीत. मी नखानं कड उचलायला गेले तर काकांनी हात धरला. "सोडवू नका बाई. सुटायचा नाही, चेहरा निघून यायचा." फोटोच्या कागदावरचा थर जिलेटीनचा असतो, ओलीनं मऊ होतो आणि काचेला सरसासारखा धरतो. त्यांनी काचेसकटच त्याचा फोटो काढायला लावला, तिरक्या उजेडात, फ्लॅश न मारता, आणि त्याची नवीन प्रिंट करून घेतली. मूळ फोटो काचेसकट कापडात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. बाकीच्यांना त्यांनी माउंट, म्हणजे फोटोभोवती पांढऱ्या जाड कागदाची चौकट घातली, त्यामुळं फोटो आणि काच यात दोन एमएमची फट राहते, चिकटायचा प्रश्नच नाही. हा माउंट मला आधी नुसता शोभेचा पांढरा कागद वाटायचा.

आणि एक बघितलं का, आजेसासऱ्यांचा काळा-पांढरा फोटो अजून जसाच्या तसा आहे, मिशीचा केस न केस दिसतो आणि आमच्या लग्नाचा रंगीत मात्र सगळा तांबूस पडलाय, माझा हिरवा शालू आता विटकरी दिसतो. काका म्हणाले रंगीत फोटोत रंग असतात ते उजेडानं उडतात, काळ्या-पांढऱ्यात चांदी असते. म्हणून रंगीत फोटो पश्चिमेच्या खिडकीसमोर लावायचा नाही. आमचा नेमका तिथंच होता इतकी वर्षं.

हॉलमधलं काम मग एका दिवसात झालं. माप काढायची रीत लेकीनं बसवली, फोटोची तार बोटानं वर ओढून धरायची आणि फ्रेमच्या वरच्या कडेपासनं तारेपर्यंतचं अंतर मोजायचं. समजा फोटो २४ इंच उंच, मध्य ५८ वर पाहिजे, तर वरची कड ७० वर येणार आणि तार कडेच्या खाली ३ इंच असेल तर स्क्रू ६७ वर. कागदावर लिहून मग भिंतीवर पेन्सिलीनं खूण. आठ भोकं मारली त्यात एकाच ठिकाणी, दहावीच्या ग्रुपच्या जागी, लाल भुकटी आलीच नाही. कॉलमची कड लागली होती. मोबाईलमधल्या जुन्या फोटोत बघितलं तर खरंच तिथं सळ्या दिसत होत्या. चार इंच डावीकडं सरकवला आणि ते अर्धं भोक पुट्टीनं भरलं. जोर लावून काँक्रीटमध्ये पण जाता येतं पण बिट तापून निळं पडतं आणि एका दहावीच्या ग्रुपसाठी कॉलमला कशाला भोक पाडायचं.

खरी परीक्षा माजघरात. त्या भिंतीला मी ड्रिल लावलं, हॅमर बंद करून, हळू, तरी आतनं तांबडी माती वाहायलाच लागली. थांबतच नाही. भोक सहा एमएमचं मारलं आणि झालं अंगठा जाईल एवढं. आतमध्ये दगड, मातीचा चिखल, मधेच भाताचं तूस, वरनं चुन्याचे किती तरी हात. गिट्टी घातली तर ती तशीच हाताबरोबर बाहेर आली. सिमेंट भरून बघितलं, वाळल्यावर सिमेंटचा गोळाच्या गोळा बाहेर आला, मातीला सिमेंट धरत नाही. मी दोन भोकं करून थांबले. रडू यायचं बाकी होतं, कारण सासूबाई कॉटवरनं बघत होत्या आणि ही भिंत त्यांच्या लग्नाच्या आधीपासनंची आहे.

त्या म्हणाल्या, "भित्तीला कशाला टोचालीस गं? भित्तीला कवा खिळा मारला न्हाई आमी. लाकडाला मारायचा."

मी उठून वर बघितलं. खरंच. जुन्या खिळ्यांची सगळी भोकं वरच्या आडव्या तुळईला होती आणि भिंतीत बुजलेल्या दोन लाकडी खांबांना. एकही भिंतीत नव्हतं. फोटो मीच उतरवले होते आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती तुळई भिंतीपेक्षा तीन-चार इंच पुढं आलेली आहे, तिथनं तारेनं खाली सोडलेला फोटो, रिंगा पाठीच्या जवळजवळ मधोमध, त्यामुळं वरची कड आपोआप पुढं झुकायची आणि खालची भिंतीला टेकायची. मातीच्या भिंतीवर वजन असं काही नाहीच.

मग गल्लीतल्या सुतारमामांना बोलावलं. तुळईला वाळवी नाही ना हे त्यांनी पटाशीच्या मुठीनं ठोकून ठोकून बघितलं, एका टोकाला आवाज बद्द आला तेवढं टोक सोडून द्या म्हणाले. तुळई फार उंच, म्हणून दोन खांबांच्या मधे सात फुटांवर तीन इंच रुंदीची एक सागवानी पट्टी आडवी बसवली, ती खांबांनाच स्क्रूनं धरली. जुनं लाकूड इतकं वाळून कठीण झालेलं असतं की स्क्रू सरळ घातला तर डोकं तुटतं, आधी बारीक भोक मारायचं आणि स्क्रूच्या आट्यांना कपड्याचा साबण घासायचा, मग लोण्यात जातो तसा जातो. ही मामांची युक्ती. पट्टीला एसच्या आकाराचे हुक अडकवले आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेनं चार फोटो खाली सोडले. आता हुक सरकवता येतात, फोटो डावीउजवीकडं करता येतात, भिंतीला कधीच काही करायला नको. माझी ती दोन भोकं मात्र मी गेरू आणि शेणमातीनं बुजवली, वरनं चुना दिला. जवळ गेलं तर कळतात.

आजेसासरे, आजेसासूबाई, सासरे मागाजवळचे आणि सासू-सासऱ्यांचं लग्न. हे चार. पाटावर बसून मी प्रत्येकाचा झुकाव बघितला, तार थोडी कमी-जास्त केली, मग सासूबाईंना बसवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ह्यांच्या हातात धोटा हाय ते आज दिसलं. सासऱ्यांच्या फोटोत खरंच त्यांच्या उजव्या हातात धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेतात तो, आहे, फोटो जुन्या जागी होता तेव्हा तिथं काचेवर सदा उजेड पडायचा.

पट्टीवर एका बाजूला अजून हातभर जागा उरली होती. त्यांनीच विचारलं, तुझ्या बापाचा फोटो न्हाई व्हय गं तुझ्याकडं? माझे बाबा जाऊन सहा वर्षं झाली. फोटो होता, पाकिटात, बँकेच्या पासबुकात ठेवलेला, पासपोर्टच्या मापाचा. सासरच्या भिंतीला माहेरचा फोटो लावायचा हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं, आमच्याकडं कुणी लावलेला मी बघितलाही नाही. दुसऱ्या दिवशी मी तो खडेबाजारातल्या काकांकडं नेला. आठ बाय दहाच्या पुढं मोठा केला तर फुटेल म्हणाले, तेवढाच केला, रुंद माउंट घातला. आता तो सासऱ्यांच्या शेजारी आहे. दोघं जिवंतपणी एकमेकांना मोजून चार-पाचदा भेटले असतील, त्यात दोनदा भाताच्या दरावरनं बोलत बसलेले मला आठवतात.

जून लागला आणि आमचा पाऊस सुरू झाला. बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, चार महिने कपडे वाळत नाहीत तिथं भिंतीची काय कथा. हॉलमधल्या सपाट फोटोंच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांत मी बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवल्या आहेत, त्यामुळं फ्रेम भिंतीपासनं बोटभर सुटी राहते. नवीन स्लॅबच्या घराची भिंत पहिल्या पावसाळ्यात जास्त ओल सोडते असं मामा म्हणाले होते म्हणून दर रविवारी प्रत्येक फोटोच्या मागं हात घालून बघते. जोतिबाच्या मागं गार लागलं, तो उतरवून ठेवलाय, दिवाळीनंतर परत लावीन. स्क्रू तसाच आहे. माजघरातल्या पाचांच्या मागं मात्र एकदम कोरडं. काल हात घातला तर बाबांच्या मागं एक पाल होती, ती सासऱ्यांच्या मागं पळाली.